फोनची मालकीण

त्या दुपारी गिरणी बंद होती आणि मी एक वायर धरून बसलो होतो. वायरीचं एक टोक लॅपटॉपात, दुसरं फोनात. फोनातलं टोक ढिलं झालं होतं, बोटानं वरच्या अंगाला दाबून धरलं तरच लागत होतं. मला काम दिलं होतं ते एवढंच. समोर आमची घरवाली, चष्मा नाकाच्या शेंड्यावर घेऊन, स्क्रीनवर एक हिरवी पट्टी सरकत होती तिच्याकडे डोळे लावून बसलेली.

"हालू नोका," ती म्हणाली.

मी म्हटलं, नाकावर माशी बसली.

"बसू द्या. तिले काई घाई नाही."

तेवढ्यात शेजारच्या लीलाबाई डोक्यावर गव्हाचा डबा घेऊन दारात आल्या. हिनं मान न वळवता सांगितलं की दळण संध्याकाळी होईल, आता नाही. लीलाबाई तशाच उभ्या राहिल्या. आमच्या दारातून दळण परत जाताना त्यांनी कधी पाहिलं नव्हतं. त्यांनी मला विचारलं, भाऊ, बाईची तब्येत बरी हाये ना. मी म्हटलं, तब्येत बरी हाये, डोकं फोनात हाये. त्या डबा तिथंच पायरीवर ठेवून गेल्या.

काय चाललं होतं ते सांगतो. काही वर्षांपूर्वी हिनं तो फोन रूट केला होता. म्हणजे असं की फोन आपण विकत घेतो, पण त्याच्या काही खोल्यांना कंपनी कुलूप लावून ठेवते आणि किल्ली आपल्याला देत नाही. हिनं ती कुलपं उघडली होती. आता ती सगळं उलटं करत होती. फोन कंपनीतून निघाला तेव्हा त्यात जे होतं तेच परत भरत होती. आणि हे सगळं माझ्यासाठी. मला तो फोन वापरता यावा म्हणून.

मला तो वापरायचा नव्हता. मी जन्मात कुणाला फोन लावला नव्हता. पोरीचा फोन आला की ही माझ्या कानाला लावायची, मी "हाव, बरं हाये" असं ओरडायचो, आणि परत देऊन टाकायचो. गिरणीच्या आवाजानं कान गेलेले, बोटांना कायम पीठ. फोन तिचा आणि गिरणी माझी अशी वाटणी होती. ती वाटणी मोडायचा तिचा विचार होता, माझा नव्हता.

पट्टी लय हळू सरकते. तोवर आमची घरवाली कशी होती ते सांगतो.

नाव सुभद्रा. संग्रामपूरकडची, सातपुड्याच्या पायथ्याची. लग्न होऊन वडनेर भोलजीला आमच्या घरी आली. मी तिला नावानं कधी हाक मारली नाही. आमची पोरगी वंदना, वंदी, ती व्हायच्या आधी मी तिला "ऐकलं का" म्हणायचो आणि नंतर "वंदीची माय". ती मला "वंदीचे बाबा" म्हणायची, आणि रागात असली की "गिरणीवाले". ती सातवी शिकली होती, मी चौथी. वरचे वर्ग तिनं कुठं वापरले ते मला माहीत नाही, पण मला ऐकवायला नक्की वापरले.

तिला वस्तू उघडायची खोड होती. लग्न होऊन महिना झाला नसेल, माझ्या बापाचा रेडिओ तिनं ओसरीत परातीत उघडून ठेवला. बाप माझा कडक माणूस. गावात त्याच्यासमोर कुणी खोकत नसे. तो वावरातून आला, परातीकडे पाहिलं, सुनेकडे पाहिलं. आम्ही सगळे भिंतीला चिकटलो. बाप म्हणाला, "सूनबाई, त्यातला बोलणारा माणूस सापडला का?"

ही पदर सावरून म्हणाली, "माणूस नाही सापडला मामंजी. झुरळ सापडलं."

बापाला मी हसताना पाहिलं ते तेव्हाच. तिनं रेडिओ परत जोडला, तो सुरूही झाला, पण एक इस्क्रू उरला. तो तिनं एका डबीत टाकला. पुढे शिलाई मशीन, पंखा, मिक्सर, इस्त्री, माझं घड्याळ, जे जे उघडलं त्यातून एखादा इस्क्रू उरायचाच. मी विचारलं की म्हणायची, कंपनीवाले जास्तीचेच लावतात. डबी भरली तेव्हा तिनं दुसरी घेतली. माझं घड्याळ त्यानंतर रोज थोडं पुढं पळायचं. ती म्हणे, उशिरा जाण्यापेक्षा बरं.

ती गावातल्या बायांचे ब्लाउज शिवायची. नव्या बाईचं माप घ्यायचं असलं तर टेपानं घेत नव्हती. तिचा अंगाला बरोबर बसणारा जुना ब्लाउज मागून घ्यायची आणि त्याची एक बाजू उसवून पाहायची. मग पुन्हा शिवून द्यायची, उसवलं होतं हे कळायचंही नाही. तिचं म्हणणं एकच. उसवल्याशिवाय शिवण समजत नाही.

माणसांनाही ती तसंच पाहायची. वंदीला पाहायला पोरगा आला, तेव्हा मी त्याला नोकरी विचारली, घरदार विचारलं. हिनं त्याच्यासमोर आमचा बंद पडलेला टेबलफॅन आणून ठेवला. पाहा बरं काय झालं याले, म्हणाली. त्याच्या बापाचं तोंड उतरलं. पोरानं फॅन इकडून पाहिला, तिकडून पाहिला आणि म्हणाला, मावशी, मले यातलं काहीच समजत नाही. ते लोक गेल्यावर मी म्हटलं, हा काही कामाचा नाही. ती म्हणाली, हाच पायजे, न येणाऱ्या गोष्टीत हात घालत नाही अन् खोटं बोलत नाही. तुम्ही असते तं फॅनले लाथ मारली असती. खरं होतं. जावई चांगला निघाला. फॅन अजून तसाच आहे.

तर फोन. वंदीनं नवीन घेतला आणि जुना आईला दिला. त्यात दुकानाचं एक अ‍ॅप होतं, दिवसातून दहा वेळा साड्या दाखवायचं. एक खेळ होता, एक गाण्यांचं काहीतरी होतं. ही ते काढायला गेली तर निघेनात. बंद करता यायचे, पण घालवता यायचे नाहीत. तिचं डोकंच फिरलं. जेवताना तेच, दळताना तेच. न बोलावता आलेले पाहुणे, म्हणे, अन् वरून सोप्यावर निजले.

मी म्हटलं, तुझ्या बुडाला काय टोचतंय, राहू दे पडून.

ती म्हणाली, "घरात आलेल्या वस्तूनं घरच्याचं आयकलं पायजे."

नांदुऱ्याला बाजारात सलीमचं मोबाईल दुरुस्तीचं दुकान आहे. टपरीच म्हणा. मी मोटरचा पट्टा घ्यायला गेलो त्या दिवशी ती सोबत आली आणि त्याच्याकडे जाऊन बसली. सलीम माझ्या पोरीच्या वयाचा, स्वभावानं मऊ. त्यानं तिला समजावलं की चाची, आता तुम्ही या फोनात किरायदार हो. रूट केलं का मालक. पण मालक झालं का छप्पर गळलं तं कंपनी येत नाही. वॉरंटी जाते. बँकेचं अ‍ॅप तर उघडणारच नाही, त्याला उघड्या कुलपाची भीती वाटते.

ही म्हणाली, "सलीमभाऊ, वॉरंटी तं माहीच कवाची गेली. अन् बँक काई पळून नाही चालली, पायी जाईन. इतकी वर्सं झाली लग्नाले, घराची मालकीण कोणी केली नाही मले. फोनची तं होऊ दे."

हे माझ्यासमोर. सलीम माझ्याकडे पाहायला तयार नाही. मी पट्टा खांद्यावर टाकला आणि म्हटलं, कर बाबा मालकीण, नाहीतर घरी मला जेवण नाही.

त्यानं तिच्यासमोर बसून केलं. ती मुकाट पाहत होती असं नाही, दर पावलाला काऊन म्हणून विचारत होती. हे बटण काऊन दाबलं, दोन बटणं संगंच काऊन दाबली, आधी सगळं पुसलं काऊन. सलीम म्हणाला, चाची, माझ्या उस्तादनं मला इतकं नाही विचारलं. तिथून तिला चटक लागली. महिन्यातून एकदा तरी नांदुऱ्याला जायची, ताजं दळलेलं बेसन घेऊन. ईदला त्याच्या घरून शिरखुर्मा यायचा. हळूहळू वंदीच्या कॉलेजातल्या जुन्या लॅपटॉपवर ती स्वतः करायला लागली. चुकायची, लय चुकायची. चुकलं की सलीमला फोन लावायची आणि दोघं अर्धा तास हिंदी मराठीची खिचडी करायचे.

मालकीण झाल्यावर तिनं पहिलं काम केलं ते साड्यांवाल्याला हाकललं. मग खेळ, मग गाणी. दुसरं काम असं केलं की फोन चालू करताना कंपनीचं नाव यायचं ते काढून तिथं माझा फोटो लावला. गिरणीत उभा, बनियनवर, भुवयांपर्यंत पिठानं पांढरा. फोन चालू केला की आधी मी दिसायचो. आल्यागेल्याला ती फोन बंद करून चालू करून दाखवायची. मला राग आला. मी म्हटलं, वंदीच्या लग्नातला फोटो आहे, शर्ट इस्त्रीचा, टोपी नवी, तो लावायचा होता.

"त्या माणसाले मी ओयखत नाही," ती म्हणाली.

गावातल्या बाया दळणासोबत फोन घेऊन यायला लागल्या. कुणाचा भरला होता, कुणाचा हळू चालत होता. रूट ती कुणाचा करत नव्हती, माह्या फोनची माती झाली तं माही, तुमच्या फोनची मी काऊन करू, म्हणायची. नुसती साफसफाई करून द्यायची. पण तिचा एक नियम होता आणि तो गिरणीतला होता. आमच्याकडे ज्याचं दळण तो समोर उभा राहतो. पीठ बदललं, कमी भरलं, ज्वारीचं गव्हात गेलं, अशी शंका नको म्हणून. तसंच फोनचं. फोन ठेवून जाते, संध्याकाळी नेते, हे चालायचं नाही. मालकीण समोर बसली पाहिजे आणि हिचा हात कुठं जातो ते तिला दिसलं पाहिजे. एकदा पोलीस पाटलाच्या घरची सून म्हणाली, काकू, तुमच्यावर भरवसा आहे, ठेवते. ही म्हणाली, माहा माह्यावर नाही, बस इथं.

आणि एक किस्सा सांगितला नाही तर गाव मला माफ करणार नाही. रूट केल्यामुळे तिच्या फोनात समोरच्याचं बोलणं भरून ठेवता यायचं. एकदा एका लुच्च्याचा फोन आला. तुमचं खातं बंद होतंय, नंबर सांगा. गिरणी सुरू होती. हिनं फोन खांदा आणि कान यांच्यामधे दाबला आणि दळत दळत त्याच्याशी बोलत राहिली. नंबर दिला नाही, त्यालाच विचारायला लागली. गाव कोणतं. माय हाये का. माय काय करते. लग्न झालं का. नाही म्हणाला तर काऊन नाही झालं. तो बिचारा आधी उत्तरं टाळायचा, मग द्यायला लागला. शेवटी तो म्हणाला की काकू, पोरगी असली पाहण्यात तर सांगा. ही म्हणाली, धंदा कोणता सांगू पोरीच्या बापाले? तिकडून फोन ठेवला गेला. ते सगळं तिनं भरून ठेवलं होतं. पुढचा महिनाभर गिरणीत दळणाला आलेल्या प्रत्येक बाईला ते ऐकवलं. ऐकायला दळण नसताना बाया येत होत्या. मी वैतागलो. मी म्हटलं, पावशेर तरी आणा घरून.

फोन मेला तो प्रसंग त्यानंतरचा. सलीमनं कुठूनसं नवीन सॉफ्टवेअर दिलं होतं, ते ती फोनात टाकत होती. लॅपटॉपची बॅटरी कधीच संपलेली, तो थेट भिंतीतल्या लाईटीवर चालायचा. पट्टी मधोमध आली असेल. तेवढ्यात लीलाबाई दारात, डोक्यावर डबा. मी बाहेर पारावर होतो. हिचा पक्का नेम, गिऱ्हाईक दारात थांबलं नाही पाहिजे. पट्टी आपोआप सरकते, तिथं आपलं काय काम, असा विचार तिनं केला असेल की नाही मला माहीत नाही. हात आपोआप गेला. लीलाबाईचे गहू वरच्या टोपल्यात ओतले आणि हिरवं बटण दाबलं.

ज्यांच्या घरी गिरणी आहे त्यांना सांगायला नको. मोटर उचलते तेव्हा साऱ्या घराची लाईट एकदा बसकण मारते. बल्ब लाल होतो आणि परत येतो. बल्ब परत आला. लॅपटॉप नाही आला. फोन तर दगड झाला. बटण दाबा, चार्जिंगला लावा, काही नाही. मोबाईलवाले त्याला वीट झाली म्हणतात.

मी आत आलो तेव्हा गिरणी चालू होती, लीलाबाई पीठ भरून घेत होत्या आणि ही हातात ती काळी वीट घेऊन उभी. मला वाटलं आता ही लीलाबाईंवर घसरते का रडते. ती हसायला लागली. इतकी हसली की खाली बसली. लीलाबाईंना म्हणाली, बाई, पोळ्या नीट खाय, त्या दळणात माहा फोन गेला.

दुसऱ्या दिवशी तिनं तो फोन टॉवेलात गुंडाळून नांदुऱ्याला नेला, लेकराला दवाखान्यात नेतात तसा. सलीम म्हणाला, चाची, क्या किया? तिनं सांगितलं, दळण टाकलं. हसून हसून तो पुढं कितीतरी वेळ काम करू शकला नाही. मग त्यानं फोनचं मागचं झाकण काढून, आतल्या दोन टाचण्यांएवढ्या जागा जोडून, काय काय करून त्याला श्वास आणला. पुसलं गेलं ते गेलंच, पण फोन उठला. सलीमनं सांगितलं, लॅपटॉप इन्व्हर्टरवर लावत जा. घरी येऊन तिनं ते केलं. तरी त्यानंतर फोनचं काम काढलं की गिरणीचा मेन स्विच ती आधी खाली पाडायची. मी म्हटलं, आता इन्व्हर्टर आहे, कशाला? तर म्हणाली, लाईटीचा भरवसा आला हो, माह्या हाताचा नाही.

ह्या उन्हाळ्यात तिला धाप लागायला लागली. दळणाचा डबा उचलला की भिंत धरायची. खामगावच्या डॉक्टरनं मशीन लावून पाहिलं. हृदय मोठं झालंय म्हणाला. तिनं विचारलं, मोठं म्हणजे चांगलं ना? डॉक्टर हसला नाही. गोळ्या दिल्या, जड उचलायचं नाही सांगितलं आणि मला बाहेर बोलावून जे सांगायचं ते सांगितलं. मी आत गेलो तर तिनं माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि काही विचारलं नाही. उसवायची गरजच पडली नाही.

परतीच्या बसमध्ये खिडकीशी बसून ती म्हणाली, "फोन होता तसा करून टाकते."

मी म्हटलं, काऊन?

"मी केला तसा तो मलेच चालते. दुसऱ्याच्या हाती दिला तं त्याले काई उमगत नाही. अन् बँकेचं त्यात उघडत नाही. तुम्हाले चालला पायजे."

"मले नाही पायजे."

"पोरीले फोन कोण लावंल मंग?"

मी खिडकीबाहेर पाहत होतो. बसमध्ये माणसं होती, म्हणून हळू बोलायला पाहिजे होतं, पण मला हळू बोलता येत नाही. मी म्हटलं, "मी शिकलो म्हणजे तू जायाले मोकळी. मी नाही शिकत."

पुढच्या सीटवरचा माणूस वळून पाहायला लागला. हिनं त्याला हातानं पुढं पाहा असं केलं.

"अन् नाही शिकले तं मी थांबते का?" ती म्हणाली. रागानं नाही. रेडिओतला माणूस सापडला नाही हे सांगितलं होतं त्या आवाजात.

पण मी ठरवलं ते ठरवलं. ती शिकवायला बसली की मी उठून गिरणीत जायचो. पाट्याला टाकी लावायची आहे म्हणायचो. दगडी पाटा गुळगुळीत झाला की त्यावर छिन्नीनं ठोकून खाचा पाडाव्या लागतात, त्याला टाकी लावणं म्हणतात. त्या दिवसांत मी इतकी टाकी लावली की पाटे अर्धे झाले असतील. ती ओट्यावरून ओरडायची, झिजवा, झिजवा, नवे आणू.

फोन तिनं महिनाभर तयार केला. मला वाटलं होतं तिला वाईट वाटेल, इतक्या वर्षांचं तिनं आपल्या हातानं बसवलेलं सगळं जाणार होतं. मी तसं म्हटलंही. तर म्हणाली, उसवता येते म्हणूनच तं शिवलं होतं. फोटो तिनं पेनड्राइव्हमध्ये घेतले. आपलं खातं फोनातून काढलं, ते राहिलं तर पुसलेला फोन मालकालाच चोर समजून अडवतो. नंबर एकेक करून सिमात टाकले, कारण फोन पुसला तरी सिम पुसलं जात नाही. मी म्हटलं, नुसतं आतलं सगळं मिटवायचं बटण असतं ना, ते दाब. तर म्हणाली, उपासाचं दळण टाकायचं असलं तं गिरणी नुसती झाडून भागते का? पाटे उघडून पुसा लागते. तसं हाये हे.

आणि त्या दुपारी गिरणीचा मेन स्विच खाली पाडून मला वायर धरायला बसवलं. मी बसलो, कारण वायर धरणं म्हणजे शिकणं नव्हे.

पट्टी भरली. लॅपटॉपवर काहीतरी हिरवं आलं. फोन थरथरला, काळा झाला, आणि कंपनीचं नाव आलं. पिठातला मी गेलो. तिनं नुसतं नाक वर ओढलं. मग पडदा पांढरा झाला आणि त्यावर भाषांची नावं आली. तिनं फोन माझ्यापुढं केला.

"कोणती भाषा, विचारून राह्यला. सांगा त्याले."

मी म्हटलं, उद्या.

मला वाटलं भांडेल. तिनं फोन माझ्या मांडीवर ठेवला आणि चष्मा काढला. "उद्या तं उद्या," म्हणाली. "पण मी नाही करत आता. तुम्हीच करसान. सिमात हाय सगळे. पोरगी वंदी म्हणूनच हाये, शोधत बसा लागणार नाही."

मग तिनं उठून मेन स्विच वर केला. मी म्हटलं, डबा मी उचलतो. लीलाबाईंचे गहू मी ओतले, बटण तिनं दाबलं. बल्ब लाल होऊन परत आला. त्याकडे पाहून ती हसली. दळण होईपर्यंत ती स्टार्टरपाशी भिंतीला टेकून उभी होती. गिरणीच्या तोंडाशी मूठ नेऊन पीठ चोळून पाहिलं, जाड पडतंय म्हणाली, पाटा थोडा आवळायला लावला. केसांवर, भुवयांवर, पापण्यांवर पीठ. दारातून उन्हं येत होती. मी तिला धड ओळखलं ते त्या रूपात. लग्नातली मला आठवत नाही.

पहाटे ती गेली. चहाचं भांडं वाजलं नाही म्हणून मी पाहायला गेलो. उजव्या कुशीवर, तळहात गालाखाली. मी थोडा वेळ तिथंच बसलो. मग लीलाबाईंच्या दारात जाऊन सांगितलं, आणि मग घर माणसांनी भरलं.

कुणीतरी म्हणालं, पोरीला कळवायला पाहिजे, नाशिकहून यायला वेळ लागतो. लीलाबाईंचे मालक म्हणाले, भाऊ, फोन द्या इकडे, मी लावतो. मी म्हटलं नाही. त्यांनी हात पुढं केलेला तसाच होता. मी म्हटलं, मले सांगून गेली हाये.

फोन घेऊन गिरणीत गेलो. पडदा उघडला, भाषा विचारत होता तसाच. मराठी दाबली. त्यानं मला नमस्कार घातला. मग वायफाय विचारलं, खातं विचारलं, बोटाचा ठसा विचारला. ठसा कुठला देऊ, पाट्यानं कधीच झिजवला. लग्नात माझ्या सासऱ्यानं मला इतकं विचारलं नव्हतं. खाली दर वेळी बारीक अक्षरांत "वगळा" असं होतं, मी ते दाबत गेलो. एक दोन ठिकाणी चुकीचं दाबलं, मागं आलो, परत दाबलं. बाहेर बाया रडत होत्या आणि मी ओठ हलवत एकेक अक्षर वाचत होतो. शेवटी तो गप्प बसला आणि नुसते चौकोन दाखवले. फोनचं चित्र सापडलं. नावं आली. बायांची, लाईनमनची, सलीमची. खाली खाली गेलो. वंदी.

हिरवं बटण दाबलं.

पोरीनं पहिल्याच घंटीला उचलला. "बोल वं माय," म्हणाली. मागून कुकरची शिट्टी ऐकू आली.

मी म्हटलं, "वंदे, मी बोलून राह्यलो."

कुकरची शिट्टी पुन्हा झाली, गॅस कुणी बंद केला नाही. मग ती म्हणाली, "बाबा, तुम्ही लावला फोन?"

"हाव. मीच लावला."

त्यानंतर मला काही सांगावं लागलं नाही. ती रडत होती, मी कानाला धरून उभा होतो. मी म्हटलं, सावकाश ये, मी हाओ इथं. तिनं फोन ठेवला नाही. लाल बटण कुठं आहे ते मला दिसत होतं, पण मीही दाबलं नाही. चालू होता तसाच तो बंडीच्या वरच्या खिशात टाकला आणि बाहेर माणसांत जाऊन बसलो.